चिलापीची ओळखपरेड

मंडळी, एक निरीक्षण. आपण कॉफी मागवताना बीन्स चिकमगळूरच्या की कूर्गच्या ते विचारतो. फोन घ्यायचा तर प्रोसेसरची अख्खी कुंडली पाठ. पण हायवेवरच्या हॉटेलात, ताटाबाहेर शेपूट काढून, अख्खाच्या अख्खा तळलेला मासा समोर आला की त्याचं नाव काय सांगतो? 'फिश फ्राय'! फारच खोदून विचारलं तर 'अरे, नदीतला असतो तो.' झालं. विषय संपला, लिंबू पिळा.

आज या बिननावाच्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. कारणं दोन. एक तर थंडीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलेल्या पुणेकराच्या ताटात बहुतेक वेळा हाच असतो. दुसरं, हल्ली आमच्या ऑफिसात गळ टाकायचं वेड शिरलंय. ऑनलाइन रॉड मागवायचा, शनिवारी पहाटे चारला निघायचं, दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी रील टाकायचं (रॉडचं वेगळं, इन्स्टावरचं वेगळं). छंद चांगला आहे. निदान तेवढा वेळ माणूस लॅपटॉप उघडत नाही. पण या सगळ्यामागचा फंडा असा, की 'धरण सरकारचं, पाणी सरकारचं, मासे देवाचे!' आणि इथेच घोळ आहे.

तर पाहुण्याचं नाव चिलापी. पुस्तकात तिलापिया, भीमेकाठी चिलापी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या पट्ट्यात, तुम्ही कुठेही मासा मागा, पहिलं नाव हेच ऐकू येतं. उजनी १९८० साली पूर्ण झालं, साठा सुमारे ११७ टीएमसी. एवढं पाणी कुठून येतं? भीमेच्या खोऱ्यातून, आणि त्यात आपली मुळा-मुठाही आली. तुमच्या सोसायटीच्या ड्रेनेजचा शेवटचा स्टॉप, शुद्ध होऊन असो की न होऊन, तिकडेच आहे. असल्या गढूळ, हवा कमी असलेल्या पाण्यातही जो मासा मजेत राहतो, तो म्हणजे चिलापी. देशी मासे जिथे धापा टाकतात तिथे ही संसार थाटते.

आता ओळखपरेड. भिगवणच्या मासळी बाजारात एका मावशींना मी विचारलं, "मावशी, ही चिलापीच कशावरून?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवो, हात लावा की. काटा लागला की कळतंय."

खरंच तसं आहे. चिलापीच्या पाठीवर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत एकच लांबलचक पर असतो. त्याच्या पुढच्या भागात पंधरा-सोळा टोकदार काटे, मागचा भाग मऊ. म्हणून ती धरायची तर हात डोक्याकडून शेपटीकडे न्यायचा, म्हणजे काटे आडवे पडतात. उलटा नेला तर रक्त. मावशी हे न बघता करत होत्या, एकीकडे फोनवर कुणाला तरी झापत. याउलट रोहू, कटला, मृगळ या मंडळींचा पाठीवरचा पर आखूड, तिकोनी आणि मऊ असतो.

दुसरी खूण अंगावरच्या रेषेची. बहुतेक माशांच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक ठिपक्यांची रेषा जाते. पाण्यातली हालचाल त्याला त्या रेषेतून कळते. चिलापीची ही रेषा मागच्या बाजूला मध्येच तुटते आणि थोडी खाली उतरून पुन्हा सुरू होते. लोकलने रूळ बदलावा तशी. आणि तिसरी खूण माझी सगळ्यात आवडती: नाक बघा. रोहूला डोक्याच्या एकेका बाजूला नाकाची दोन-दोन भोकं असतात. चिलापीला एका बाजूला एकच. पार्टीत सांगायला मस्त माहिती आहे, फक्त पार्टीत मासा अख्खा हवा.

एवढ्यावर थांबायचं नसेल तर शेपूट पसरून बघा. शेपटीवर उभे स्पष्ट पट्टे असतील तर ती नाईलची चिलापी. पट्टे नसतील तर मोझांबिकची. मोझांबिकचा नर विणीच्या दिवसांत काळाकुट्ट होतो, हनुवटीखाली पांढरा आणि परांच्या कडा लाल. थेट रिसेप्शनचा सूट. दोघांचे संकरही होतात, तेव्हा काही मासे धड हे ना धड ते निघाले तर वाद घालू नका.

आता बाकीच्या तिघांचीही ओळख पटकन करून घेऊ, कारण पुढच्या गोष्टीत ते हिरो आहेत. कटल्याचं डोकं भलं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, त्याच्या ओठांना झालर. मृगळ सडपातळ, चंदेरी, तोंड खालच्या बाजूला, कारण जेवण तळाशी. तीन मजली इमारत, प्रत्येकाचा मजला ठरलेला. (गंमत बघा, फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात आणि रोहूच्या शास्त्रीय नावात आहे 'रोहिता'. भिगवणला दोघांची भेट एकाच पाण्यावर होते.) मिशा असलेला आणि रोहूसारखाच दिसणारा एखादा दिसला तर तो सायप्रिनस, हाही बाहेरून आलेलाच.

आणि इथून नियमांची गोष्ट सुरू होते. मासा ओळखल्याशिवाय त्याचे नियम डोक्यात शिरत नाहीत, कारण मासेमारीचे आपल्याकडचे नियम एका विशिष्ट स्वभावाच्या माशाला डोळ्यासमोर ठेवून झालेले आहेत. तो मासा रोहू आहे, चिलापी नाही.

रोहू-कटल्याचा स्वभाव कसा? वर्षातून एकदाच, पावसाळ्यात, नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी घालायची. एकेका मोठ्या मादीची अंडी लाखांत, पण घातली की विषय संपला. वाहून जातील, खाल्ली जातील, जगतील, त्यांचं नशीब. साठलेल्या पाण्यात ते वीण धरत नाहीत. मग धरणात रोहू येतो कुठून? तर आणून सोडावा लागतो. मुळात हे तिघे गंगेच्या खोऱ्यातले, महाराष्ट्रातले नव्हेतच. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्याच मेंदूतल्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात पिल्लं तयार होतात. आधी जिऱ्याएवढी, म्हणून 'मत्स्यजिरे'. मग बोटाएवढी झाली की 'बोटुकली'. काय शब्द आहे! सरकारी कागदावर एवढा गोड शब्द क्वचितच सापडेल.

ही बोटुकली फुकट येत नाही. राज्यातल्या तलावांत मासे धरण्याचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग देतो. बऱ्याच ठिकाणी तो पाच वर्षांच्या ठेक्याने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो, मोठ्या जलाशयांवर परवाने असतात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली विकत आणून सोडते आणि ती मोठी व्हायची वाट बघत बसते. चांगलं खाणं मिळालं तर वर्षभरात रोहू किलोच्या आसपास जातो. म्हणजे तुमच्या भाषेत ही एसआयपी आहे. दर पावसाळ्यात हप्ता भरायचा, मध्ये हात लावायचा नाही.

आता तुमचा शनिवारचा फंडा परत आठवा. पाणी पाटबंधारे खात्याचं, बरोबर. पण त्यातला मासा धरण्याचा हक्क कुणाला तरी दिलेला आहे, आणि त्यातला निदान काही मासा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला आहे. त्यामुळे 'मी तर नुसता गळ टाकतोय, जाळं थोडंच टाकतोय' हा बचाव चालत नाही. मासा गळाने धरा की जाळ्याने, आधी विचारायचं. विचारायचं कुणाला? काठावरच्या संस्थेला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला. मी पाहिलंय, माणसं नीट विचारणाऱ्याला सहसा हाकलत नाहीत. नावाडी दादा तर चहाही पाजतात. हाकलतात ते कुणाला? गाडी थेट काठावर लावून, स्पीकर चालू करून, 'तुम्ही कोण विचारणारे?' असं म्हणणाऱ्याला. धरणाच्या भिंतीजवळचा भाग तर सुरक्षेसाठी बंदच असतो, तिथे रॉड घेऊन जायचा विचारही नको.

नियमांचा दुसरा भाग जाळ्याच्या भोकाचा. भोक मोठं ठेवायचं म्हणजे बोटुकली निसटून जाते, मोठा मासा अडकतो. तिसरा भाग पावसाळ्याचा. विणीच्या दिवसांत मासेमारी थांबवायची. इथे एक गोंधळ नेहमी होतो. टीव्हीवर १ जून ते ३१ जुलै बंदी ऐकू येते ती समुद्रातली, यांत्रिक नौकांची. तलावाच्या तारखा त्या तलावाच्या आदेशात असतात, त्या तिथेच विचारायच्या. आणि सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं तर इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यातच गुन्हा होता. त्यात शिक्षा किती? दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. १८९७ मध्ये दोनशे रुपये म्हणजे बरीच मोठी रक्कम, आज त्यात दोघांची चिलापी थाळीही येणार नाही. पुढे महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा मत्स्य कायदा केला. सुरुंग-विषाला थारा त्यातही नाही.

हे सगळं रोहूला चपखल बसतं. चिलापीला? तिचा स्वभावच वेगळा. तिला पूर नको, वाहतं पाणी नको, पावसाळाही नको. नर तळाशी बशीसारखा खड्डा खणतो, मादी तिथे काही शे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. हो, तोंडात! दहा-बारा दिवस अंडी-पिल्लं तोंडातच, त्या काळात आईचं खाणं जवळजवळ बंद. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की धावत परत आईच्या तोंडात. थोडीच अंडी, पण त्यातली बरीचशी जगतात. मग थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. वर्षात अनेकदा. गर्दी झाली तर दोन-तीन महिन्यांची, तळहाताएवढीही न झालेली चिलापी आई होते. मग सगळं तळं तळहाताएवढ्या चिलाप्यांनी भरून जातं, मोठी कुणीच होत नाही. (मोठं होण्याआधीच संसाराला लागलेल्यांचं काय होतं, याबद्दल मी इथे काही बोलत नाही. घरचे वाचतात.)

तेव्हा चिलापीसाठी बंदीचे दोन महिने आणि मोठं भोक, दोन्ही फारसं कामाचं नाही. आणि नेमकं हेच कारण पुढे करून बारीक भोकाची जाळी पाण्यात उतरतात. 'आम्ही फक्त चिलापी धरतो, ती कितीही धरा, संपत नाही.' उजनीवर बारीक जाळ्यांवरून भांडणं नवी नाहीत. बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. चिलापी संपत नाही हे खरं. पण जाळ्याला नाक मोजता येत नाही. त्याच जाळ्यात रोहूची बोटुकली येते, मरळीची पिल्लं येतात, वाम येते. जे मासे या नदीत मुळापासून आहेत आणि आधीच कमी होत चाललेत, ते या बारीक जाळ्यात सगळ्यात आधी जातात. आणि एसआयपी मोडते ती दुसऱ्याचीच. बरं, बारीक जाळं टाकणारा काही कोट्यधीश नसतो. त्यालाही आजच्या डिझेलचे आणि पोराच्या फीचे पैसे आजच हवे असतात. वर्षभर थांबायला खिशात काहीतरी लागतं. त्यामुळे मला इथे व्हिलन शोधायचा मोह होत नाही. पण बारीक मासा विकला जातो तोवर बारीक जाळं पाण्यात जाणार, हे सांगायला मॅनेजमेंटची डिग्री लागत नाही. आणि तो विकत कोण घेतो?

आता ही बाई इथे आली कुठून? आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडच्या नद्यांमधून. भारतात आली १९५२ साली, तमिळनाडूतल्या मंडपमला. हेतू उदात्त होता: गरिबाला स्वस्तात प्रथिनं. सात वर्षांत डोळे उघडले आणि १९५९ मध्ये तिचा आणखी प्रसार करू नये असा निर्णय झाला. पण ती तोवर निघाली होती. तळ्यातून नदीत, नदीतून धरणात. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. आणि आता खरी गंमत. हीच मोझांबिक चिलापी तिच्या स्वतःच्या घरी, आफ्रिकेत, धोक्यात आलीय! तिथे माणसांनी नाईलची चिलापी आणून सोडली आणि संकर होऊन मूळची शुद्ध जात हरवत चाललीय. जगभर जिला हाकलता येत नाही, तिला माहेरी वाचवायची धडपड चालू आहे.

म्हणून सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम धरण्याचा नाही, सोडण्याचा आहे. मासा काढताना हात जेवढा जपून चालवाल, त्याच्या दुप्पट जपून सोडताना चालवा. घर शिफ्ट करताना फिशटँकमधले मासे 'बिचारे मरतील' म्हणून नदीत सोडणारे दयाळू लोक मी बघितलेत. हीच ती चूक, १९५२ चीच, फक्त प्लास्टिकच्या पिशवीतून. आफ्रिकन मांगूरचं उदाहरण ताजं आहे. या मिशाळ, अधाशी माशाच्या शेतीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तरी तो चोरून वाढवला गेला, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी शोधून नष्ट करावी लागली.

आमच्या गळवाल्या मित्रांमध्ये 'कॅच अँड रिलीज' फार पवित्र मानतात. धरायचा, फोटो काढायचा, पापी घ्यायची, सोडायचा. रोहूचं पिल्लू असेल तर उत्तम. हात ओले करून धरा (कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला रोग धरतात), गळ हळूच काढा आणि सोडा. कासव लागलं तर ते सोडायचंच, तिथे प्रश्न वन्यजीव कायद्याचा आहे. पण चिलापीला सोडून पुण्य मिळवायची काही गरज नाही. विचारून, परवानगीने धरली असेल तर ती खुशाल घरी न्या. नदीला तुमचा हा त्याग नकोच आहे.

आणि गळ बिळ काही नको, आपण बुवा खाणारे, असं म्हणणाऱ्यांसाठी. हॉटेलात मासा आधी दाखवायला सांगा. दाखवतात, लाजू नका. पाठीचा पर बघा, नाक मोजा. रोहू-कटला मागवत असाल तर वीतभराचा घेऊ नका, मोठ्याचे तुकडे मागा. चिलापी असेल तर बारकी चालेल का? मी मावशींना हाच प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "बारकीला मांस किती आणि डोस्कं किती? आन् बारक्यात रोहूची पोरं मिसळल्याली असत्यात, वळखू येत न्हाईत कुणाला." आता तुम्हाला येतील. पाव किलोच्या वरची घ्या, दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा, हळद, मीठ, लसूण, भरपूर तिखट, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. ऑफिसातला जो मित्र काट्याला घाबरून पनीर मागवतो ना, त्यालाही द्या. रोहूच्या मांसात इंग्रजी 'वाय'सारखे बारीक काटे लपलेले असतात, चिलापीत ते नसतात. मधला कणा उचलला की बाकी सगळं त्याचं.